कार्योत्तर मंजुरी

मराठी भाषेत 'चला' या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नसेल. व्याकरणाच्या पुस्तकात तो आज्ञार्थात मोडतो. पण त्यात आज्ञा कुठे संपते आणि विनंती कुठे सुरू होते, हे पुस्तक सांगत नाही. बायको 'चला' म्हणते तेव्हा ती आज्ञा असते, साहेब म्हणतो तेव्हा धमकी असते, आणि मित्र म्हणतो तेव्हा चहाचे बिल आपण द्यायचे असते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात मात्र हा शब्द या तिन्ही अर्थांनी वापरत नाहीत. आमच्याकडे 'चला' ही घडून गेलेली घटना असते. तो शब्द तुमच्या कानावर पडतो तेव्हा तुम्ही आधीच मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेले असता.

'चला'चा एक जोडीदार आहे. त्याचे नाव 'हितंच'. कुठे जायचे असे विचारले की उत्तर मिळते, "हितंच." हे अंतर मोजण्याचे आमचे माप आहे. मैल गेले, किलोमीटर आले, पण 'हितंच' आपल्या जागी कायम आहे. त्याची लांबी पलीकडच्या गल्लीपासून पार परभणीपर्यंत कितीही असू शकते. एकदा 'हितंच' म्हणून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला, तरी घरचे त्याला शोधायला जात नाहीत. 'हितंच गेला असंल' म्हणतात आणि दार लोटून घेतात.

आता हा सगळा आग्रहाचा आणि प्रेमाचा मामला आहे, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटत होते. पण आम्ही पडलो बँकेतली माणसे. आमच्याकडे साधी टाचणी घ्यायची तरी 'मंजुरी कुणाची?' हा प्रश्न पहिला येतो. तेव्हा माणूसच्या माणूस उचलून नेतात त्याला मंजुरी कुणाची, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

बँकेत मंजुरीचे दोन प्रकार असतात. एक आधी घ्यायची मंजुरी, जी कधी वेळेवर येत नाही. आणि दुसरी कार्योत्तर मंजुरी. हा फार सुंदर शब्द आहे. काम करून मोकळे व्हायचे आणि मग 'केलेल्या कामास मान्यता मिळावी' असा अर्ज करायचा. आमच्या शाखेतला पंखा एकदा ऐन मे महिन्यात बंद पडला. वरच्या कचेरीला तीन पत्रे गेली. तिथे बहुधा पंखे चालू असावेत, कारण उत्तर आले नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांनी घाम पुसत बाजारातून नवा पंखा आणवला, बसवला, आणि त्या पंख्याखाली बसून कार्योत्तर मंजुरीचा अर्ज लिहिला. मंजुरी डिसेंबरात आली. तेव्हा आम्ही स्वेटर घालून, पंखा बंद करून ती वाचली.

बारकाईने पाहिले तर आपले सगळे आयुष्यच कार्योत्तर मंजुरीवर चाललेले आहे. जन्म घेताना आपल्याला कुणी विचारलेले नसते. नाव ठेवताना सगळ्या आळीतल्या बायकांना विचारतात, फक्त पाळण्यातल्याला विचारत नाहीत. मातृभाषा, आडनाव, डाव्या गालावरचा तीळ, कशालाही आपली आगाऊ सही नसते. इतकेच काय, आमचा जिल्हासुद्धा तसाच मिळालेला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून पाच तालुके काढून हिंगोली जिल्हा झाला. आदल्या रात्री परभणी जिल्ह्यात झोपलेला माणूस सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठला, आणि तेही खाट न हलवता. आमच्याकडच्या एखाद्या पंच्याऐंशीच्या आजोबांना विचारा. जन्म निजामाच्या राज्यात, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात, १९५६ साली मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आणि १९९९ साली हिंगोलीत. यातल्या काही प्रवासांसाठी लोक लढले, तुरुंगात गेले. पण आजोबा त्यावेळी पाळण्यात होते किंवा गुरांमागे होते. त्यांना जे जे झाले ते मागाहून कळले आणि त्यांनी ते मान्य केले. खाट अजून त्याच लिंबाखाली आहे.

तर प्रश्न असा. न विचारता एखाद्याला आपल्यासोबत ओढून न्यावे का? आणि मागाहून तो 'बरे झाले आलो' म्हणाला, तर ते न विचारणे माफ होते का?

हा प्रश्न मला एका इंग्रजीच्या सरांनी घातला. सर मूळचे रत्नागिरीकडचे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेवर नेमणूक झाली म्हणून आलेले. स्वभावाने नेमस्त. रविवारी काय करायचे ते शनिवारी कागदावर लिहून ठेवणारे. गावात त्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही. सगळे 'इंग्लिशचे सर' म्हणतात. एका सोमवारी ते पासबुकावर नोंदी करून घ्यायला माझ्या खिडकीशी आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता, डोळे तांबारलेले होते, आणि पिशवीतून एक नवी कोरी पांढरी टोपी डोकावत होती.

"मला सांगा," ते म्हणाले, "एखादा माणूस सकाळी साडेसातला अर्धा लिटर दूध आणायला बाहेर पडतो, तो रात्री अकराला घरी येतो. मधल्या वेळात तो कोण असतो?"

मला वाटले हे अध्यात्म आहे. पण नंतर त्यांनी हकीकत सांगितली.

मार्गशीर्षातला रविवार. सरांच्या कागदावर चार कामे लिहिलेली: उत्तरपत्रिका चाळीस, धुणे, आईला फोन, झोप. दुधाची पिशवी घेऊन ते कोपऱ्यावर वळतात तो एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील मोटारसायकलवर समोर उभे. डोक्याला कडक इस्त्रीची टोपी.

"काय करायलात सर?"

"दूध घेतलं."

"बरं झालं. बसा मागं."

"कुठं?"

"हितंच."

सर रत्नागिरीचे असल्यामुळे त्यांनी 'हितंच'चा अर्थ रत्नागिरीच्या मापाने लावला आणि ते बसले. पहिला मुक्काम त्या गृहस्थांच्या घरी. तिथे दुधाची पिशवी सरांच्या हातातून परस्पर स्वयंपाकघरात गेली आणि सरांच्या हातात चहा आला. दारात एक जीप उभी होती. जीपमध्ये नऊ माणसे होती. सर दहावे. मग चालकाच्या लक्षात आले की आपणही आहोत, तेव्हा अकरा झाले.

जीप औंढ्याला थांबली, कारण 'आलोच आहोत तर' दर्शन घ्यायलाच हवे. 'आलोच आहोत तर' हा 'हितंच'चा धाकटा भाऊ. अरुंद वाटेने वाकून खाली उतरून सरांनी नागनाथाचे दर्शन घेतले. बाहेर आल्यावर त्यांना नंदी मागच्या बाजूला का, याची कथा ऐकवण्यात आली. नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तेव्हा देऊळच फिरले, अशी ती कथा. सर मला म्हणाले, "तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ज्या गावात दगडी देवळालाही 'नाही' म्हणता आलं नाही, तिथं माझी काय कथा!"

पुढे कुणा पाव्हण्याचे शेत लागले. तिथे आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसे भाजत घातलेली. गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकून, सरांच्या पुढ्यात ढीग होत होता. जवसाची चटणी, गूळ, दही. 'पुरे' या शब्दाला आमच्याकडे अर्थ नाही. तो पाहुण्याने म्हणायचा असतो आणि यजमानाने ऐकायचा नसतो. पुढे हिंगोली ओलांडली. नरसीला जीप पुन्हा थांबली, कारण नामदेवांचे जन्मगाव आणि 'आलोच आहोत तर'. तेव्हा कुठे सरांनी धीर करून विचारले, की आपण नक्की चाललोय कुठे? त्यावर अकरा जणांपैकी दहा जण हसले. अकरावे सर होते.

"म्हणजे दिवसभर मी पॅसिव्ह व्हॉइसमध्ये होतो," सर म्हणाले. "सर नेले गेले. सरांना हुरडा खिलवला गेला. सरांना फिरवलं गेलं. माझ्या स्वतःच्या रविवारात मी कुठंच कर्ता नव्हतो. हे बरोबर आहे का?"

इथवर सरांची तक्रार मला काही फारशी पटली नव्हती. मी त्यांना सांगितले, की मास्तर लोकांचे हे दुःख जुने आणि जगभरचे आहे. आजकाल चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जे परदेशी मास्तर जातात त्यांचीही हीच गत होते म्हणतात. विद्यार्थी म्हणतो जरा जेवायला चला, आणि मास्तर निघतात ते थेट कुणाच्या तरी मामाच्या लग्नात. मग फोटो, मग भाषण, मग गाणे. आणि चीनचे लोक असे वागत असतील तर त्याला आपणही थोडे जबाबदार आहोत. कारण त्यांचा एक मास्तर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आला, तेव्हा आपण त्याचे काय केले?

ह्युएन त्संगाची गोष्ट. हा विद्वान नालंदेला शिकत होता, शिकवीतही होता. तो महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून गेला. पुढे नालंदेला त्याने घरी जायची बांधाबांध सुरू केली, तोच कामरूपाचा राजा भास्करवर्मा याचे बोलावणे आले. नालंदेच्या शीलभद्रांनी नकार कळवला. पुन्हा बोलावणे, पुन्हा नकार. मग राजाने कळवले, की आता पाठवला नाहीत तर हत्ती घेऊन येईन आणि नालंदेची माती करीन. गेले बिचारे. तिथे जेमतेम स्थिरावतात तो सम्राट हर्षाचा निरोप, की चिनी पंडिताला इकडे पाठवा. भास्करवर्मा म्हणाला, माझे डोके मागा, पण पंडित देणार नाही. हर्षाने कळवले, ठीक आहे, डोके पाठवा. तेव्हा भास्करवर्मा डोक्यासकट आणि पंडितासकट स्वतःच निघाला. मग इ. स. ६४३ मध्ये कनौजला मोठी सभा झाली. ती संपली तर हर्ष म्हणाला, आलाच आहात तर प्रयागलाही चला. प्रयागचा सोहळा ७५ दिवसांचा होता. 'हितंच' आणि 'आलोच आहोत तर' यांचा इतिहास हा असा हर्षवर्धनापर्यंत पोचतो. सरांना तर फक्त जीप आली. हत्ती आले नाहीत.

पण या गोष्टीचा शेवट मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रयागनंतर पंडिताने सांगितले, की आता मी घरी जातो. दोन्ही राजांनी खूप आग्रह केला. भास्करवर्मा तर त्याच्यासाठी शंभर विहार बांधून द्यायला निघाला होता. पंडित 'नाही' म्हणाला. आणि एवढे हत्ती बाळगणाऱ्या त्या राजांनी ते 'नाही' ऐकले. भास्करवर्म्याने पुढे केलेल्या भेटींपैकी त्याने पावसात पांघरायचे एक वस्त्र तेवढे घेतले, आणि ६४५ साली तो आपल्या देशात पोचला. टॉवेल-टोपीची पद्धत तेव्हाही होती म्हणायची.

उलट बाजूची गोष्टही आपल्याच माणसाची आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला मदतीला गेले. त्यातले चौघे परत आले. पाचवे, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, राहिले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांना कुणी डांबून ठेवले नव्हते. चौघे ज्या वाटेने परतले ती वाट त्यांनाही मोकळी होती. म्हणून तर त्यांच्या राहण्याला अर्थ आहे. दार उघडे असताना जो थांबतो, त्याची मंजुरी खरी.

हे सगळे मी सरांना मोठ्या रुबाबात सांगत होतो, पण सांगता सांगता मलाच एक गोष्ट आठवली आणि मी जरा गप्प झालो. ती गोष्ट खुद्द हिंगोलीची आहे.

निजामाच्या काळात हिंगोलीला फौजेची छावणी होती. त्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. कापडचोपड विकायचा, अदबीने बोलायचा. इंग्रज अधिकारीसुद्धा त्याच्याकडून माल घेत. निजामाच्या नोकरीत असलेला मेडोज टेलर, ज्याने १८३९ साली ठगांवरची ती प्रसिद्ध कादंबरी लिहिली, त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे की मी स्वतः या माणसाशी व्यवहार केला होता. हा हरीसिंग एकदा तिथल्या साहेबाकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. साहेबाने दिला. ते कापड हिंगोलीजवळच्याच दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन येत होता. हरीसिंगाने वाटेत त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारले, त्याचा माल सरकारी परवान्यावर छावणीत आणला आणि राजरोस विकला. तो भागातल्या ठगांचा म्होरक्या होता. पकडल्यावर त्याने हे सांगितले, आणि तेही मोठी गंमत म्हणून.

आता ठग काय करीत? दरोडेखोरासारखे अंगावर धावून येत नसत. ते वाटेत भेटत, राम राम करीत, कुठे निघालात विचारीत, आणि म्हणत, एकट्याने कशाला जाता, चला आमच्यासोबत. चार-चार दिवस बरोबर चालत, एका चुलीवर जेवत, गाणी म्हणत. मग एका संध्याकाळी म्होरक्या म्हणे, 'तंबाखू लाव', आणि मागे बसलेल्याच्या हातातला रुमाल गळ्यात पडे. म्हणजे 'चला' तेच, आग्रह तोच, जेवणही तेच. यजमान आणि ठग यांच्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत काही फरक दिसत नाही.

मग फरक कुठे? बोलावण्यात नाही. विचारण्यात नाही, कारण ठग उलट फार अदबीने विचारीत. फरक एवढाच, की यजमानाच्या घरून परतलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी बँकेत येऊन तक्रार करू शकतो. ठगाच्या पाहुण्याला ते जमत नाही. त्याला मागाहून मंजुरी द्यायला किंवा नाकारायला मागे काही उरतच नाही.

मला वाटते, कार्योत्तर मंजुरीचा सगळा नियम यात आला. ज्या गोष्टीला मागून 'नाही' म्हणता येते, ती आधी न विचारता केली तरी एखाद् वेळ चालून जाते. हुरडा जास्त झाला तर पोट दुखते आणि राहते. रविवार गेला तर आठ दिवसांनी दुसरा येतो. पंखा पटला नाही तर काढता येतो. पण जिथे मागून 'नाही' म्हणायची सोय नाही, तिथे आधी विचारलेच पाहिजे. तिथे 'प्रेमाने केले' हे कारण चालत नाही. 'तुझ्या भल्यासाठी केले' हेही चालत नाही. कारण भले कुणाचे झाले, ते सांगायची पाळी त्याच्यावर पुन्हा येणार नसते.

हा नियम मी सरांना सांगितला, तेव्हा ते खिडकीच्या आणखी जवळ सरकले. मागे रांग होती, तिच्याकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "मग पुढचं ऐका. खरी गोष्ट अजून झालेलीच नाही."

जीप शेवटी सेनगावकडच्या एका गावात पोचली होती. तिथे दारात सतरंज्या, पाण्याचे तांबे, टोप्यांची रांग. तेव्हा सरांना कळले की आपण सोयरिकीला आलो आहोत. मुलीकडची मंडळी मुलाचे घर बघायला आली होती. मुलगी म्हणजे सरांची ती जुनी विद्यार्थिनी. आणि सरांना आणण्याचे कारण गृहस्थांनी त्यांच्या कानात सांगितले.

"पोरगं चाकणला कंपनीत सुपरवायझर हाय म्हणं. परमनंट. इंग्लिश लई बोलतंय म्हणं. आपल्याला काय कळतंय त्यातलं? तुम्ही जरा बोलून बघा."

म्हणजे दुधाच्या पिशवीसकट उचललेला हा माणूस त्या जीपमधला परीक्षक होता. एक चाळीस उत्तरपत्रिका घरी ठेवून आला, तर इथे एक्केचाळिसावी समोर येऊन बसली.

त्या गृहस्थांचा 'परमनंट' या शब्दावर एवढा जीव का, ते मला विचाराल तर मी सांगू शकतो. कोरडवाहू सोयाबीन आणि तूर करणारा माणूस. त्याच्या घरातली प्रत्येक गोष्ट पावसाशी केलेल्या काँट्रॅक्टवर चालते, आणि पाऊस कुठल्याही कागदावर सही करीत नाही. जन्मभर असे जगलेल्याला आपली लेक परमनंट घरी पडावी असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

मंडळींनी गोल धरला. मध्ये सर आणि मुलगा. शंभर माणसे श्वास रोखून इंग्रजी ऐकायला बसली. सरांनी नाव, गाव, शिक्षण असे सोपे प्रश्न टाकले. मुलाने अडखळत उत्तरे दिली. आणि मग आवाजाची पट्टी न बदलता, चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून, तो म्हणाला:

"सर, माय फादर टोल्ड परमनंट. आय ॲम नॉट परमनंट. नॉट सुपरवायझर. आय ॲम काँट्रॅक्ट."

"ऑन काँट्रॅक्ट," सरांनी सवयीने दुरुस्ती केली. आणि दुरुस्ती केल्यावर त्यांना अर्थ कळला.

"येस सर. ऑन काँट्रॅक्ट. प्लीज टेल हर फादर. इन मराठी आय कॅनॉट. माय फादर इज सिटिंग."

बाप शेजारीच बसला होता आणि अभिमानाने मिशा कुरवाळीत होता. मंडळी माना डोलवीत होती. काय इंग्लिश, काय इंग्लिश! आजवर मला इंग्रजीचे अनेक उपयोग माहीत होते: अर्ज लिहायला, भांडायला, सिनेमाच्या पाट्या वाचायला. पण शंभर माणसांत बसून चोरून खरे बोलायला इंग्रजीचा उपयोग होतो, हे सरांमुळे कळले.

"कसं काय?" गृहस्थांनी विचारले. सर म्हणाले, "पोरगा चांगला आहे." हे खोटे नव्हते. मग पंगत झाली, बुंदी झाली, सरांना टॉवेल-टोपी आणि नारळ झाला, आणि जीप परत निघाली.

त्या परतीच्या वाटेवर सरांनी फार विचार केला. जीपमध्ये दुसरे काही करायला जागाही नव्हती. आपला याच्याशी संबंध काय? आपण दूध आणायला निघालो होतो. हे गुपित आपण मागितले नव्हते, जसा हुरडा मागितला नव्हता. सांगावे तर जुळत आलेली सोयरीक मोडायची, आणि त्या पोराने ज्या विश्वासाने सांगितले त्याचे काय? पण त्याने तर सांगाच म्हटले आहे. न सांगावे तर? तर एक मुलगी 'परमनंट' समजून उजवली जाणार. तिला मागून कळणार. आणि मागून कळल्यावर ती काय करणार? अर्ज? सर म्हणाले, "माझा एक रविवार न विचारता नेला तर मी एवढा चिडलो. तिला तर जन्माचं 'चला' म्हणत होते. आणि मोटारसायकलवर बसायच्या आधी 'कुठं' एवढं विचारायची संधी मला तरी मिळाली होती."

अकरा वाजत आले होते. गृहस्थांच्या दारात उतरल्यावर सरांनी त्यांना बाजूला घेतले आणि सगळे मराठीत सांगितले. गृहस्थ बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मग आता?"

"मुलीला विचारा."

"तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय?"

"विचारा तर."

विचारायची गरज पडली नाही. मुलगी चहाचे कप घेऊन दारातच उभी होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्यानं मला फोनवर आधीच सांगितलं. खोटं लपवून लग्न करायचं न्हाई म्हणला. पण त्याच्या वडलांपुढं त्याची जीभ उचलंना, अन् तुमच्यापुढं माझी. म्हणून तर तुम्हाला म्हणलं, इंग्लिशच्या सरांना सोबत न्या."

सर सांगतात, त्या क्षणी अंगणात पूर्ण शांतता झाली. मग गृहस्थ खाटेवर बसले आणि म्हणाले, "म्हंजे समद्यांना ठाव. एकट्या मलाच ठाव न्हाई!"

सकाळपासून गावभर लोकांना 'बसा मागं' म्हणत फिरणारा हा माणूस. त्या रात्री त्याच्या लक्षात आले, की या सगळ्या खटल्यात मागच्या सीटवर आपणच बसलो होतो. आणि ज्या पोरीला काही कळत नाही म्हणून कुणी विचारले नाही, तिने मात्र माहिती काढून, विचार करून, आपली मंजुरी कधीच देऊन ठेवली होती. सगळ्या प्रकरणात रीतसर आगाऊ मंजुरी काय ती तिची एकटीची. बाकी आम्ही सगळे कार्योत्तर.

गृहस्थांनी आठ दिवस घेतले. ते 'नाही' म्हणू शकत होते. सोयरीक अजून तोंडीच होती, सुपारी फुटली नव्हती. आठ दिवस ते कुणाला 'बसा मागं' म्हणाले नाहीत असे गावात बोलतात. नवव्या दिवशी बँकेत आले, पैसे काढायची स्लिप भरून घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काँट्रॅक्टचं का असंना, पोरगं खोटं बोलंना झालंय." मी शिक्का मारला. लग्न वैशाखात झाले. मुलगा अजून काँट्रॅक्टवरच आहे. पाऊसही.

सरांचे मात्र मला कौतुक वाटते. त्यांना फसवून नेले ते बापाने नव्हे, त्यांच्याच विद्यार्थिनीने. तिनेही त्यांना विचारले नव्हते. मी म्हटले, "तुमच्या तक्रारीचं काय? तुम्ही तर पॅसिव्ह व्हॉइसमध्ये होता." सर थोडे थांबून म्हणाले, "अहो, संध्याकाळी जीपमधून उतरलो तेव्हा मी मुकाट्यानं घरी जाऊ शकत होतो. गेलो नाही. तेवढ्या एका वाक्यात कर्ता मीच होतो." मग म्हणाले, "आणि चहा माझ्याच दुधाचा होता."

आता राहिला हा लेख. सरांची हकीकत मी त्यांना न विचारताच लिहून काढली. पण छापलेल्या लेखाला मागून 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे माझ्याच नियमाप्रमाणे मंजुरी आधी घ्यायला हवी. म्हणून परवा त्यांना तो वाचून दाखवला. मुलीकडेही सरांच्याच हाती पाठवला. तिने एका वाक्यावर काट मारून परत दिला, ते वाक्य मी काढून टाकले आहे. सरांनी शांतपणे सगळा ऐकला, चार ठिकाणी स्वल्पविराम घातले, कागद माझ्या हातात दिला आणि उठून म्हणाले, "चला."

मी विचारले, "कुठं?"

सर आता आमच्या जिल्ह्यात चांगले रुळले आहेत.

"हितंच," ते म्हणाले.